मंजुरीचा नमुना

झाकण दोन्ही बाजूंनी धरून तपासनिसानं पेटी टेबलावरून वीतभर उचलली आणि वाट बघितली. खालचा भाग धपकन निसटला नाही. आतली हवा सोडत सोडत, कुणी जिना सावकाश उतरावा तसा तो आपल्या वजनानं उतरत गेला आणि तपासनिसानं मनात सात मोजल्यावर टेबलाला टेकला. सात! चार म्हणजे झाकण सैल, दहा म्हणजे आवळ, आणि सात म्हणजे पेटी करणाऱ्याला पेटी कळते. त्याला इतका आनंद झाला की तो विसरलाच. विसरला, आणि आतली पहिली सोंगटी, कोटाच्या बटणाएवढी पुठ्ठ्याची गोल सोंगटी, उचलून त्यानं तिच्या काठावरून अंगठा फिरवला, चौतीस वर्षं फिरवत आला होता तसाच, न बघता. आणि काहीच आलं नाही. काठ गुळगुळीत होता असं नव्हे, खरखरीत होता असंही नव्हे. काठच नव्हता. घर सोडून गेलेल्या माणसाच्या दारावर सवयीनं टकटक करावी आणि मग आठवावं, तसं त्याला झालं. साडेतीन वर्षं झाली होती त्या बोटांना जाऊन, आणि तो मूर्खासारखा विसरला होता.

"काय रे बाबा, काय झालं?" समोरून खारूनं विचारलं.

"कुठं काय! बघतोय."

"तोंड कसं केलंस ते."

"तपासताना माझं तोंड असंच असतं. विचार तुझ्या आईला."

"पहिल्यांदा भेटले तेव्हाही असंच होतं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला वाटलं, मी कुठं तरी दोन मिलिमीटर कमी भरतेय."

खारू हसली. खारू म्हणजे त्याची लेक, वय एकतीस, एका शाळेत चित्रकला शिकवणारी, आणि गेली चार वर्षं शाळेतून आल्यावर या पेटीतला एवढा एक खेळ तयार करणारी. खारू हे नाव त्याचंच. लहानपणी तो कारखान्यातून आला की ही त्याच्या खिशात हात घालून पुठ्ठ्याचे कापून उरलेले तुकडे काढायची आणि खारीसारखी घरभर लपवायची. गादीखाली, घड्याळामागे, बुटात. एकदा कामावर जाताना त्याच्या बुटात चौकोनी तुकडा टोचला होता आणि तो दिवसभर काढायचं टाळत होता, हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आता ती समोर हाताची घडी घालून बसली होती, म्हणजे घाबरली होती. सव्वाचार वाजले होते. साडेपाचला छापखान्याच्या माणसाला फोन करून हो किंवा नाही सांगायचं होतं. हो म्हटलं की उद्या सकाळी मशीन सुरू, आणि या एका पेटीसारख्या दोन हजार पेट्या. नमुन्याची पेटी ही एकच. ती आज दुपारी आली, आणि खारूनं ती न उघडता, वरचं वेष्टनही न काढता, थेट इथं आणली होती. "तू हो म्हणालास तरच मी त्याला हो म्हणणार," दारातच तिनं सांगितलं होतं. "आणि खरं सांगायचं हं. लेक म्हणून काही सूट नको."

लेक म्हणून सूट! तपासनिसाला ते झोंबलं होतं. कारण सूट त्यानं एकदा दिली नव्हती, आणि ती गोष्ट दोघांनाही पाठ होती. खारू नऊ वर्षांची असताना तिनं त्याच तुकड्यांचा एक खेळ केला होता. 'बाबा घरी येतो' असं वर रंगीत अक्षरात लिहिलेलं, कारखान्यापासून घरापर्यंत चौकोनांची वाट, मध्ये कुत्रं, बंद फाटक, बोलत बसणारा शेजारी, आणि शेवटच्या घरात दार. जो आधी पोचेल त्यानं तीन वेळा टकटक करायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं तो त्याच्यापुढं मांडला आणि विचारलं, खेळूया? आणि त्यानं काय केलं, तर खिशातून पट्टी काढली. त्याला वाटलं होतं आपण तिचा केवढा मान ठेवतोय. पोरीचं म्हणून उगाच कौतुक करून सोडत नाही, मोठ्या माणसाच्या कामासारखं बघतोय. चौकोन मोजले. एक बाजू दीड मिलिमीटर कमी होती. बारा सोंगट्यांतल्या तीन वाकड्या कापल्या होत्या, त्यांवर त्यानं लाल पेन्सिलीनं फुली मारली, कारखान्यात मारायचा तशी, छोटी आणि नेमकी. "या तीन दुरुस्त कर, मग खेळू," म्हणाला. आणि खरंच वाट बघत राहिला. पुढच्या सुट्टीला बघितली, त्याच्या पुढच्या सुट्टीला बघितली. मग कामाच्या रगाड्यात विसरला. दोन वर्षांनी पलंगाखाली झाडताना बायकोला ते सगळं कागदात गुंडाळलेलं सापडलं तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन एवढंच म्हणाली, "धन्य आहे तुमची." त्यानंतर खारूनं चित्रं काढली, बक्षिसं आणली, नोकरीला लागली, पण आपण केलेली वस्तू त्याच्या हातात कधी म्हणून दिली नाही. आज देत होती. बावीस वर्षांनी.

म्हणून तो बघत होता. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसं, कारण तेवढेच उरले होते. पट उघडून त्यानं टेबलाच्या काचेवर ठेवला आणि मान टेबलाच्या पातळीवर नेऊन खालून उजेड येतो का ते बघितलं. नाही आला. पट सपाट. घड्यांवरचा कागद तडकलेला नाही. कोपरे दबलेले नाहीत. नाकाशी नेऊन वास घेतला, शाई पुरती वाळलेली. सोंगट्या एकेक करून त्यानं खिडकीच्या उजेडात धरल्या. कापताना पुठ्ठ्याच्या एका अंगाला जी बारीक कुसं राहतात ती दिसत नव्हती, पण ती मुळात दिसण्यासारखी नसतातच, ती अंगठ्याला कळतात, आणि त्यानं ओठ आवळून सोंगटी खालच्या ओठावरून फिरवली. ही त्याची चोरवाट होती. शेवटच्या सहा महिन्यांत कारखान्यात तो असा पाठ वळवून, टेबलाखाली वाकल्याचं नाटक करून, खोक्यांच्या कडा ओठाला लावायचा. एवढा नावाजलेला माणूस! सगळे त्याला प्रेमानं अंगठेबहाद्दर म्हणायचे, सह्या करणारा हा एकच अंगठेबहाद्दर आहे म्हणून हसायचे. कुठल्याही मालाचा पहिला नग त्याच्याकडे यायचा, तो अंगठा फिरवायचा, आणि पसंत पडला तर खाली उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईत सही करायचा. तो मंजुरीचा नमुना. मग तो कपाटात जायचा आणि पुढचा हजारोंचा माल त्याच्याशी ताडून बघायचा. आधी करंगळीला मुंग्या आल्या, मग मुंग्या बोटाबोटांत पसरल्या, मग एक दिवस मुंग्याही गेल्या. डॉक्टर म्हणाले, नसा आहेत, होतं असं काहींना. काम निभेल, बटणं लावता येतील, जेवता येईल, नाजूक असं काही कळणार नाही. नाजूक सोडून त्याला दुसरं काय कळत होतं! मुदतीच्या दीड वर्ष आधी त्यानं नोकरी सोडली, कंटाळा आला म्हणाला. निरोपाच्या भाषणात मोठ्या साहेबांनी त्याच्या अंगठ्यावर तीन मिनिटं बोलून त्याला व्यासपीठावर अंगठा वर करून दाखवायला लावला. त्यानं दाखवला. टाळ्या पडल्या. त्या वेळी त्याला स्वतःची इतकी शरम वाटली होती की घरी येताना तो दोन थांबे आधी उतरून चालत आला.

"सोंगट्या पास," तो म्हणाला. खोटं नव्हतं. ओठाला काही टोचलं नव्हतं.

"ओठ काय लावतोयस?"

"नवी पद्धत आहे."

"ई! लोक चाटणार नाहीयेत बाबा माझा खेळ."

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती. हात पुसत होती, पण हात कोरडेच होते. तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी एकदा त्यानं गॅसवरचं दुधाचं तापलेलं पातेलं नुसत्या हातांनी उतरवून ओट्यावर ठेवलं होतं, अगदी निवांत, आणि वर विचारलं होतं, साखर कुठाय? बायकोनं त्याचे हात उताणे केले तेव्हा कुठं त्याला दिसलं. त्या दिवशी तिनं आधी मलम लावलं, मग रडली, मग भांडली. खारूला सांगायचं नाही अशी शपथ त्यानं तिला घातली होती. का नाही सांगायचं, हे मात्र त्याला तिला नीट सांगता आलं नव्हतं. पोरीनं बावीस वर्षं ज्या अंगठ्याचा धसका घेतला तो अंगठाच आता नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि दुसरंही एक होतं, जे त्यानं स्वतःशीही पुरतं कबूल केलेलं नव्हतं. बोटं गेल्यापासून तो सगळ्याला चांगलंय म्हणायला लागला होता. खारूनं नव्या घरात पडदे लावले, कापड त्याच्या हातात दिलं, तो म्हणाला, चांगलंय. कप आणले, चांगलेत. जुनी खुर्ची घासून रंगवली, झकास. त्याला कळतच नव्हतं तर काय म्हणणार! पण खारूचा चेहरा दर वेळी असा उजळायचा की हळूहळू त्याला त्या उजळण्याची चटक लागली. बाबा किती निवळला आता, असं ती आईला म्हणालेली त्यानं ऐकलं होतं. ऐकून तो गॅलरीत जाऊन उगाच कुंड्या सरळ करत बसला होता.

"पत्ते बघ ना," खारू म्हणाली. "खरा खेळ पत्त्यांचाच आहे."

खेळाचं नाव 'घरी कोण आहे?' पत्ते चोपन्न. सगळ्यांच्या पाठीवर एकच चित्र, एक बंद दार. सत्तावीस पत्त्यांवर दारामागं कुणी ना कुणी आहे, सत्तावीसांवर रिकामं घर. एकानं पत्ता बघून आपल्यासमोर पालथा ठेवायचा. दुसऱ्यानं हवं तर तो न उलटता हातात घेऊन चाचपायचा, मग परत ठेवून त्यावर तीन वेळा टकटक करून विचारायचं, घरी कोण आहे? पहिल्यानं वाटलं तर खरं सांगायचं, वाटलं तर थाप मारायची, आणि टकटक करणाऱ्यानं 'मानलं' किंवा 'खोटं' म्हणायचं. मग पत्ता उलटायचा. बरोबर निघालं तर एक गुण; पट आणि सोंगट्या गुणांच्या हिशेबापुरत्या. एवढंच. सगळी गंमत समोरच्याच्या चेहऱ्यात. तपासनिसानं पत्ते हातात घेतले, टेबलावर आपटून कडा जुळवल्या, बाजूनं बघितलं. एकही पत्ता बाहेर आलेला नाही. पाठीवरच्या दाराच्या चारही बाजूंना समास सारखा. रंग एकसारखा. मग सुलट करून त्यानं चित्रांवरचे समास बघितले, आणि समास बघता बघता एका चित्राशी थांबला. स्टुलावर उभी राहिलेली एक लहान मुलगी, दाराला कान लावून. तो पुढं गेला. रिकाम्या घरांची चित्रं त्याला जास्त आवडली, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. खुर्चीवर टाकलेला कोट. चालू राहिलेला दिवा. खिडकीत अर्धा प्यालेला कप. घरात कुणी नव्हतं, पण आत्ताच गेलं होतं. पूर्वी त्याला चित्र असं दिसायचंच नाही. चौतीस वर्षांत किती चित्रं त्याच्या हाताखालून गेली असतील, बिस्किटांवरची, औषधांवरची, साबणांवरची, त्यातलं एक आठवत नव्हतं. कागद तेवढा आठवत होता.

त्यानं पत्त्यांचा गठ्ठा दोन्ही हातांत वाकवून फर्रकन सोडला. आणि त्याचा कान टवकारला गेला. फर्रर्र, आणि मध्येच आवाज किंचित जाड, पुन्हा फर्रर्र. अगदी पुसट. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. त्यानं पुन्हा सोडला. पुन्हा तेच. कापडासारखा कागदालाही उभा-आडवा असतो. उभ्या अंगानं तो सहज वाकतो, आडव्या अंगानं कुरकुरतो. चोपन्न पत्ते म्हणजे दोन ताव. एक ताव माणसांचा, एक रिकाम्या घरांचा, असेच छापले असणार, सोयीचं तेच. आणि एक ताव जर मशीनला आडवा लागला असेल, तर दिसायला सगळे पत्ते सारखे, पण हातात घेऊन जरा वाकवला की बोटाला कळणार. चार डाव झाले की शहाण्या खेळाडूच्या बोटांना घरी कोण आहे ते दार न ठोठावताच कळायला लागणार. खेळ तिथंच मेला. दोन हजार पेट्या, आणि प्रत्येकीत मेलेला खेळ. पण खात्री? खात्री आवाजानं होत नाही. पत्ते नवे, कडा एकमेकींना किंचित चिकटलेल्या, त्यानंही आवाज बदलतो. पाणी लावलं असतं तर कागद ज्या अंगानं वळला असता त्यावरून कळलं असतं, पण नमुना एकच, आणि पाणी कशाला, अंगठ्यानं बघ ना, असं खारू म्हणाली असती. पूर्वी ही गोष्ट अर्ध्या मिनिटाची होती. एक पत्ता घ्यायचा, वाकवायचा, सोडायचा, तो बोटाला किती ढकलतो ते बघायचं. त्यानं एक घेतला, वाकवला, सोडला. दुसरा घेतला. काही नाही. हातात काहीतरी आहे, यापलीकडं काही नाही.

"बाबा, बोल ना काहीतरी. जीव टांगणीला लागलाय माझा."

त्यानं मान वर केली. खारूच्या चेहऱ्यावर ती नऊ वर्षांची असतानाच्या त्या सकाळचं सगळं जसंच्या तसं होतं. तीच ओढून धरलेली भुवई. तेच बोटाचं नख दातात. त्याला इतकी माया दाटून आली की शब्द आपोआप बाहेर पडले.

"छान आहे," तो म्हणाला. "फार छान आहे गं."

"म्हणजे पास?"

"पास."

खारूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठून त्याच्या मानेला मिठी मारली, गालावर गाल घासला, "आई, पास! बाबानं पास केलं!" असं ओरडत फोन शोधायला पिशवीत हात घातला. बायको दारातून हलली नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही, तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्याला वाटलं, आत्ता गप्प बसलो की झालं. पोर आनंदात आहे. कुणाला कळणार? मग वाटलं, कुणाला म्हणजे काय, पोरांच्या बोटांना कळणार. तिच्या शाळेतल्या पोरांच्या. त्यांची बोटं शाबूत आहेत. त्या वेळी दीड मिलिमीटर त्यानं तिला ऐकवला होता, आणि आज सगळा डाव बुडत असताना छान म्हणतोय. त्या वेळी चुकलो आणि आज उलट्या बाजूनं चुकतोय. फोनवर तिकडं घंटी वाजायला लागली होती.

"थांब," तो म्हणाला. "ठेव तो. खारू, ठेव फोन."

तिनं ठेवला. चेहरा खर्रकन उतरला.

"मला कळत नाहीये."

"काय कळत नाहीये?"

"काहीच. बोटांना काही कळत नाही माझ्या. पत्त्यात गडबड आहे असं वाटतंय, आवाज तसा आला. पण हातानं कळत नाहीये. सोंगट्यांचंही ओठानं सांगितलं." तो एका दमात बोलून गेला आणि हात टेबलावर पालथे ठेवून बसला, दुसऱ्या कुणाचे आणून ठेवावेत तसे.

"किती दिवस?"

"साडेतीन वर्षं."

खारूनं आईकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"पातेल्याच्या दिवसापासून," आई म्हणाली. "शपथ घातली होती मला. मी तरी काय करणार! रोज म्हणायचे, सांगून टाका, सांगून टाका."

खारू खाली बसली. पेटीचं झाकण तिनं जवळ ओढलं. "म्हणजे ते पडदे," ती म्हणाली. "कप. खुर्ची. सगळ्याला चांगलंय म्हणालास." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी सगळ्यांना सांगत सुटले होते, बाबा बदललाय म्हणून. म्हणून तर आणलं ना मी हे. मला वाटलं, आता दाखवायला हरकत नाही."

तपासनीस काय सांगणार! खरंच होतं ते. आपण बदललो होतो की नुसतेच आंधळे झालो होतो, हे त्याचं त्यालाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. पण पडद्यांचा रंग आपल्याला आठवतोय, हे त्याच्या लक्षात आलं. पिवळसर, कडेला बारीक पानं. कपांचे कान जरा मोठे होते, तिच्या आईला धरायला सोपे जावेत म्हणून तिनं मुद्दाम तसे शोधले होते. पूर्वी त्यानं हे बघितलं नसतं. पूर्वी त्यानं कड बघितली असती.

"पडद्यावर पानं आहेत," तो म्हणाला. "कडेला. मला आवडली होती ती. ते खोटं नव्हतं."

खारूनं नाक ओढलं. मग डोळे पुसले आणि घड्याळाकडं बघितलं. पाच वाजत आले होते. "आवाज कसा आला?" तिनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. उभा-आडवा, दोन ताव, बोटाला मिळणारा धक्का. मग म्हणाला, "मला करता येत नाही. तू कर. पत्ते पालथे पिस. डोळे मीट. अंगठा आणि मधलं बोट. वाकव, जास्त नाही, हं, आणि सोड. तो उलटा किती ढकलतो ते बघ."

"सगळे सारखेच वाटतायत."

"वाटणारच. मला पहिले चार महिने सारखेच वाटायचे. साहेब कपाळाला हात लावायचे. घाई करू नकोस. तो काय म्हणतो ते ऐक."

"हातानं ऐकू?"

"हातानं ऐक."

खारू डोळे मिटून बसली. एक पत्ता, दुसरा पत्ता. तिच्या बोटांची टोकं रंगानं माखलेली, एका नखाखाली हिरवा. तपासनीस त्या बोटांकडं बघत राहिला. लहानपणी खिशात घुसायची तीच बोटं. दारात आधी तो तीन वेळा टकटक करायचा, आतून स्टूल ओढल्याचा आवाज यायचा, कडीला तिचा हात पोचायचा नाही म्हणून, आणि मग, "कोण आहे?" तो म्हणायचा, "मी आहे." ती म्हणायची, "मी म्हणजे कोण?" रोज. थकून आलेला असला तरी रोज. एक दिवस तो वैतागला होता, उघड गं मुकाट्यानं, असं ओरडला होता. तेही त्याला आता आठवलं, आणि तो एक दिवस परत मिळाला तर बरं, असं फार वाटलं.

विसाव्या-बाविसाव्या पत्त्याला खारूचा हात थांबला. भुवई वर गेली. "बाबा, हा वेगळा आहे."

"कसा?"

"हट्टी आहे. वाकायला कुरकुरतो."

"वेगळा ठेव."

मग तिचा हात लागला. सुरुवातीचे पत्तेही तिनं परत घेतले. हा इकडं, हा तिकडं, डोळे मिटूनच, आणि टेबलावर दोन गठ्ठे वाढत गेले. शेवटचा पत्ता ठेवून तिनं डोळे उघडले आणि डावीकडचा गठ्ठा उलटला. माणसं. सगळी माणसं. उजवीकडचा उलटला. रिकामी घरं, आणि त्यांत चुकून आलेला एकच माणूस, छत्रीवाला.

आई पुढं येऊन खारूच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. खारूनं फोन उचलला. "मी बोलतेय," ती म्हणाली. "मशीन लावू नका. रिकाम्या घरांचा ताव आडवा लागलाय... हो, बोटाला कळतंय... मलाच कळलं. मी तपासलं." तिकडून बरीच कटकट चाललेली ऐकू येत होती. खारू ऐकत होती, पण डगमगली नाही. "नवा नमुना पाठवा. तो बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," तिनं सांगितलं आणि फोन ठेवला. आठवड्याचा उशीर. तपासनिसाचा जीव भांड्यात पडला.

मग खारूनं त्याच्यापुढं हात पसरला. "आण ती पेन्सिल."

"कुठली?"

"लाल. आहे तुझ्या खिशात, मला माहितीय. अजून बाळगतोस. मार फुली."

पेन्सिल होतीच खिशात. त्यानं ती काढली, बघितली, टोक झिजून बोथट झालं होतं. आणि परत खिशात ठेवली.

"कशावर फुली मारू?" तो म्हणाला. "कागद बघितला. खेळ कुठं बघितलाय अजून? मांड."

"या पत्त्यांनी? वेडा आहेस का! आता मला सगळे कळतात. हातात घेतला की कळतो."

"मला नाही कळत," तपासनीस म्हणाला.

खारू त्याच्याकडं बघतच राहिली. आणि मग हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडताच पत्ते पिसू लागली. "म्हणजे सगळ्या जगात या पत्त्यांनी सचोटीनं खेळणारा तू एकटाच!"

"आणि तुझं काय करायचं?" आई म्हणाली. ती आत गेली आणि गरम पातेली उतरवायचे जाड कापडी हातमोजे घेऊन आली, जे तिनं त्या पातेल्याच्या दिवसानंतर नवऱ्यासाठी शिवले होते आणि त्यानं कधी घातले नव्हते. "घे, घाल हे. थापा मारायच्या तर हात बांधून मार."

खारूनं ते घातले. तिला पत्ते धड उचलताही येईनात, तीन वेळा सांडले. शेवटी तिनं सगळे पालथे पसरले, एक नाकाजवळ नेऊन बघितला आणि आपल्यासमोर पालथा ठेवला. बंद दार. तपासनिसानं वाकून बघितलं. समास बघितले नाहीत. तिचा चेहरा बघितला. भुवई सरळ होती, ओठ घट्ट. काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि त्याचं त्याला मुळीच भय वाटलं नाही. त्यानं उजव्या हाताची मूठ वळली आणि बोटाच्या पेरानं पत्त्यावर तीन वेळा टकटक केली. पेराच्या हाडाला खालची काच लागली.

"घरी कोण आहे?"

खारूनं मोज्याचा हात पत्त्याच्या कडेवर ठेवला.

"मी आहे," ती म्हणाली.

"मानलं," तो म्हणाला.

तिनं त्या जाड मोज्यांनी धडपडत पत्ता उलटला. स्टुलावर उभी राहिलेली मुलगी होती, दाराला कान लावून.

"एक गुण तुझा," खारू म्हणाली आणि पत्ता त्याच्याकडं सरकवला. त्यानं तो उचलून आपल्या बाजूला ठेवला, चित्र वर करून.

"पुढचं दार," तो म्हणाला.